हीट पॅडचे तापमान-नियंत्रण (सरीसृपपालन)

सरीसृपांच्या पेटीला तळाकडून ऊब देणारी विजेची चपटी पट्टी, म्हणजे हीट पॅड, सुरक्षित मर्यादेत तापती ठेवण्याची पद्धत. साप, पाली, कासवे यांच्या शरीराचे तापमान परिसरावर अवलंबून असते. अन्न पचायलाही बाहेरची ऊब लागते. ती न मिळाल्यास साप गिळलेले भक्ष्य ओकून टाकू शकतो.

पॅडला स्वतःची समज नसते. प्लॅस्टिकच्या दोन थरांमधला रोधक वीज चालू असेपर्यंत तापत राहतो. खालची हवा कोंडली किंवा वर जाड माती साचली, की उष्णतेला वाट उरत नाही आणि पृष्ठभाग 50° से.च्याही पुढे जाऊ शकतो. लेपर्ड गेको या पालीला उबदार कोपऱ्यात साधारण 32° से. पुरते. चटका बसला तर प्राणी आपणहून बाजूला होईल, हा समज घातक आहे. अंग भाजेपर्यंत साप त्याच जागी वेटोळे घालून पडून राहिल्याचे आढळते. पोटाचे खवले आधी लालसर होतात, मग फोड येतात. पालकाला हे बहुधा प्राणी हातात उचलल्यावरच दिसते. बिळात राहणाऱ्या जातींचा धोका आणखी वेगळा: उन्हापासून सुटायला जमीन उकरायची ही त्यांची उपजत सवय, आणि इथे उकरावे तसतशी उष्णता जवळ येते.

म्हणून पॅड थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान मोजून वीज चालू-बंद करणाऱ्या उपकरणाशिवाय, लावू नये. नुसता डिमर चालत नाही, कारण तो वीज कमी करतो, तापमान मोजत नाही. खोली तापली की पेटीही तापते. थर्मोस्टॅटलाही कळते ते फक्त त्याच्या प्रोबला, म्हणजे तारेच्या टोकावरच्या तापमान टिपणाऱ्या भागाला, लागलेले तापमान. काचेच्या पेटीत प्रोब पॅड आणि काच यांच्यामध्ये पक्का बसवतात, कारण आत ठेवलेला प्रोब प्राणी सहज हलवतो. तो पाण्याच्या भांड्यात पडला, तर थर्मोस्टॅट थंड पाणी मोजत बसतो आणि पॅड अखंड तापत राहतो. प्रोब बाहेर असल्यास आतली जमीन त्याच्या आकड्यापेक्षा थंड असते. ती इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजून मगच थर्मोस्टॅटचा आकडा ठरवावा. ही जुळणी एक पूर्ण दिवस प्राणी आत न सोडता तपासणे उत्तम.

पॅड पेटीच्या एका टोकाला, तळाच्या सुमारे एक तृतीयांश भागाखाली असावा, म्हणजे दुसरे टोक थंड राहते आणि प्राण्याला जागा निवडता येते. पेटीला रबरी पाय लावून खाली हवा खेळती ठेवतात. लाकडातून ऊब नीट पोचत नाही. लाकडी तळाखाली पॅड ठेवल्यास उष्णता कोंडून आगीचा धोका संभवतो.

थर्मोस्टॅटचा रिले, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा आतला स्विच, चालू स्थितीतच अडकण्याचा बिघाडही होतो. त्यावर उपाय म्हणजे दोन-तीन अंश वर लावलेला दुसरा थर्मोस्टॅट त्याच वीजवाटेत जोडणे: पहिला अडकला तरी दुसरा वीज तोडतो.