डिसेक्शन हेडसेटने बंद केलं नाही : ॲनाटॉमीतल्या व्हीआरची पार्श्वभूमी

ॲनाटॉमीत, म्हणजे शरीररचनेच्या शिकवण्यात, व्हीआर (डोळ्यांवर हेडसेट लावून बघायचं आभासी जग) आणायचं म्हटलं की पहिली ओरड होते ती डिसेक्शन, म्हणजे मृतदेह कापून शिकणं, संपवायला निघाले अशी. पण डिसेक्शनचे तास हेडसेट बाजारात यायच्या कितीतरी आधी कापले गेलेत, आणि ते कापणाऱ्यांच्या डोक्यात व्हीआर नव्हतंच, रेडिओलॉजी होती, म्हणजे स्कॅनवरून शरीर वाचणं.

फार मागे जायची गरज नाही. दोन डोळ्यांना दोन वेगळे फोटो दाखवून खोलीचा भास करायचा ही युक्ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डिसेक्शनच्या फोटोंवर वापरून झाली होती, आजचा हेडसेटही तेच करतो. खरी सुरुवात 1971 ची, पेशंटचा पहिला सीटी (एक्सरेने शरीराचे आडवे काप दाखवणारा स्कॅन) झाला तेव्हाची, कारण तिथून शरीर स्लाईसमध्ये बघायची सवय लागली. 1994 मध्ये अमेरिकेतल्या एका सरकारी संस्थेने एक अख्खा पुरुषदेह गोठवून, दर मिलिमीटरला कापून, त्याचे फोटो, सीटी आणि एमआरआय असं सगळं खुलं केलं, पुढच्या वर्षी स्त्रीदेह, तोही 0.33 मिलिमीटरच्या कापांचा. नंतरची कितीतरी थ्रीडी मॉडेल्स या डेटावर उभी राहिली. (पुरुषदेह मृत्युदंड झालेल्या कैद्याचा होता, हे मॉडेल फिरवणाऱ्या किती मुलांना सांगितलं जातं देव जाणे.)

आता मुख्य भांडण. 2002 मध्ये इंग्लंडात एक नवं मेडिकल कॉलेज सुरू झालं ते डिसेक्शनच्या बॉडीशिवायच. त्यांचं म्हणणं साधं होतं, बहुतेक डॉक्टरांना पुढे आयुष्यभर शरीर दोनच रूपांत भेटतं, समोरचा जिवंत पेशंट आणि स्क्रीनवरचा स्कॅन, मग पहिल्या वर्षाला फॉर्मलीनमध्ये कडक झालेल्या, रंग उडालेल्या बॉडीवर इतके तास का घालवायचे. बॉडी मिळवणं, ठेवणं, नंतर सन्मानाने निरोप देणं याचा खर्च होताच, त्यात 2004 मध्ये फॉर्मलीनमधलं फॉर्मल्डिहाइड माणसात कॅन्सर करणारं म्हणून वर्गीकृत झालं. सर्जन मंडळी चिडली, हाताला टिश्यूचा अंदाज कुठून येणार, आणि प्रत्येक शरीर वेगळं असतं हे कळणार कसं? मला विचाराल तर हाताच्या मुद्द्यापेक्षा वेगळेपणाचा मुद्दा जास्त वजनदार होता, पण वादात आवाज झाला तो हाताचाच. बॉडी न ठेवणाऱ्यांचं एक मात्र मान्य करावं लागेल, की ॲनाटॉमी आणि इमेजिंग (स्कॅन) पहिल्या दिवसापासून एकत्र शिकवायची कल्पना त्यांनी खरोखर राबवली, बाकी ठिकाणी रेडिओलॉजी शेवटी कधीतरी उरकली जायची.

या मोकळ्या झालेल्या जागेत 2016 ला पीसीला जोडायचे हेडसेट आले आणि 2018-19 ला बिनवायरचे. 2017 च्या एका तुलनेत व्हीआर, एआर (समोरच्या खऱ्या दृश्यावरच मॉडेल दाखवणारं) आणि टॅब्लेटवर शिकलेल्यांच्या मार्कांत विशेष फरक निघाला नाही, उलट व्हीआरवाल्यांना डोकेदुखी, चक्कर, धूसर दिसणं जास्त झालं. लेन्सचा फोकस एकाच अंतरावर पक्का असतो आणि जवळची वस्तू बघताना डोळे आत वळतात, या दोघांचं जमत नाही, हे त्रासाचं एक मोठं कारण. हातात धरायच्या साध्या प्लास्टिकच्या मॉडेलने व्हीआरला मागे टाकल्याचे प्रयोगही आहेत, ते सेल्सवाले दाखवत नाहीत. 2020 ला कोरोनात डिसेक्शन हॉलच बंद पडले तेव्हा मात्र तुलना वगैरे कोण बघतो, जे मिळेल ते घेतलं गेलं.

आणि बिनवायरचा हेडसेट स्वस्त असला तरी चिप मोबाईलची, सीटीचा पूर्ण डेटा त्याच क्षणी थ्रीडी चित्रात रेंडर करणं तिला जड जातं, म्हणून त्यावर बहुतेक हलकी, हाताने साफसूफ केलेली मॉडेल्स चालतात. त्यात लिव्हरची रक्तवाहिनी कायम पुस्तकातल्यासारखीच निघते. पेशंटच्या खऱ्या सीटीवरून मॉडेल केलं तर उजवी हिपॅटिक आर्टरी (लिव्हरला रक्त नेणारी) कधी नेहमीची जागा सोडून सुपिरियर मेझेंटेरिक या आतड्याच्या धमनीतून निघालेली दिसते, सर्जन 2002 पासून ज्यावरून बोंब मारत होते तो वेगळेपणा नेमका हाच. पण त्यासाठी रेडिओलॉजीतल्या कुणीतरी बसून केस निवडायची, नाव-नंबर काढायचे, एकेक अवयव वेगळा करायचा, आणि हे काम हेडसेटच्या कोटेशनमध्ये सहसा नसतं.