सिरॅमिक कोटिंग: मेणाच्या डबीपासून 9H पर्यंत

नव्या गाडीचं कोटेशन हातात पडतं तेव्हा विमा, आरटीओ, फास्टॅग आणि ॲक्सेसरीज यांच्या खाली हल्ली हमखास आणखी एक ओळ असते: सिरॅमिक कोटिंग, म्हणजे गाडीच्या रंगावर बाहेरून लावायचा पातळ, पारदर्शक थर. आकडा साधारण 15,000 पासून 40,000 रुपयांपर्यंत, गाडीच्या आकारावर आणि समोरच्याच्या उत्साहावर. वर 18 टक्के जीएसटी. कशासाठी म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: "सर, पेंटला लाइफ मिळते." हे वाक्य मोटारगाडीच्या बाजारात जवळपास शंभर वर्षं चाललेलं आहे. एके काळी ते अगदी खरं होतं, मग बराच काळ ते नुसतंच विकलं गेलं, आणि आता ते अर्धंमुर्धं खरं आहे. कोटिंगला पैसे घालायचे की नाही हे ठरवायला तो अर्धा भाग कुठला, हे कळायला हवं.

सुरुवातीच्या मोटारींना घोडागाडीचाच रंग लागायचा. तेलातला रंग आणि व्हार्निश, ब्रशने, थरावर थर. एक गाडी पूर्ण वाळायला कित्येक आठवडे जात. फोर्डची मॉडेल टी 1914 ते 1925 या काळात फक्त काळ्या रंगात मिळायची. काळा एनॅमल स्वस्तही होता आणि टिकायचाही. 1923 मध्ये जनरल मोटर्सने ओकलंड गाडीवर ड्यूपॉंट कंपनीचा ड्युको आणला आणि चित्र पालटलं. हा नायट्रोसेल्युलोज लॅकर स्प्रेने मारता यायचा आणि बघता बघता वाळायचा. आठवड्यांचं काम दिवसांवर आलं, गाड्या निळ्या-हिरव्या झाल्या. (आपल्याकडे सुतार आजही कपाटाला ड्युको मारून देतात, तो याच घराण्यातला.)

लॅकरची खोड एकच. उन्हात तो पांढुरका पडायचा, वरचा थर खडूसारखा बोटाला लागायचा. म्हणून पॉलिश. चोळलं की मेलेला थर निघायचा आणि वर मेणाचा पातळ पापुद्रा बसायचा. हे मेण मुख्यतः कार्नौबाचं. ब्राझीलच्या ईशान्येला, सिआरासारख्या कोरड्या प्रदेशात वाढणाऱ्या एका ताडाच्या पानांवर ते येतं. झाड त्याने आपलं पाणी राखतं. नैसर्गिक मेणांमध्ये ते फार कडक, 80 अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही. त्या काळच्या रंगाला मेणाची खरोखर गरज होती. 'लाइफ मिळते' हे तेव्हा शब्दशः खरं.

आपल्याकडे ॲम्बेसेडर आणि कुर्ल्याला बनणाऱ्या पद्मिनीच्या काळात हेच चाललं. गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेली माणसं रविवारी सकाळी रबिंग पॉलिशचा डबा घेऊन गाडीशी बसत. रबिंग म्हणजे बारीक घासणंच, त्यामुळे दर खेपेला रंग थोडा कमी होई. दाराच्या कडेला आणि बॉनेटच्या उभ्या रेषेवर रंग मुळातच पातळ. तिथे पाच-सात वर्षांत खालचा प्रायमर डोकवायचा. जितकं प्रेम जास्त, तितका प्रायमर लवकर.

मग क्लिअर कोट आला. मेटॅलिक रंगातला ॲल्युमिनियमचा चुरा हवेत उघडा ठेवून चालत नव्हता, म्हणून रंगावर पारदर्शक थर द्यायची पद्धत आधी मेटॅलिक गाड्यांवर रुळली आणि 1980 च्या दशकात सगळीकडे पसरली. आज चाकणच्या कारखान्यातून निघणाऱ्या गाडीवरही तोच क्रम असतो: पत्र्यावर विजेच्या साहाय्याने बसवलेला गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि वर क्लिअर कोट, भट्टीत भाजून पक्के केलेले. सगळे मिळून साधारण 100 ते 140 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यात क्लिअर कोट 40-50 चा. ऊन अडवणारी रसायनं त्याच्यातच मिसळलेली असतात. म्हणजे मेण जे काम करत होतं, त्यातलं मोठं काम आता कारखाना करून देतो. नीट धुतलेली, कधीही पॉलिश न केलेली गाडी दहा वर्षांनी फिकी पडलेली सहसा दिसत नाही.

इथे पॉलिशचा धंदा थांबायला हरकत नव्हती. तो थांबला नाही, त्याने फक्त नाव बदललं. आधी सिलिकोनची सीलंट, म्हणजे मेणाऐवजी चोळायची कृत्रिम पॉलिशं आली, मग आपल्याकडे शोरूममध्ये दणक्यात खपलेलं टेफ्लॉन कोटिंग. टेफ्लॉन, म्हणजे रॉय प्लंकेटला 1938 मध्ये अपघाताने सापडलेलं पीटीएफई, तव्यावर चिकटवायचं तर भट्टीत तापवावं लागतं. त्याचा वितळबिंदू 327 अंश सेल्सिअस. गाडी तेवढी तापवली तर रंगाच्या आधी बंपर खाली येतील. पॉलिशमध्ये त्याची पूड घालून हाताने चोळण्याला फारसा अर्थ नव्हता. चकाकी दिसायची ती पॉलिशची आणि मेणाची. दोन-चार महिन्यांत गाडी पुन्हा होती तशी. सिरॅमिक म्हटल्यावर जुनी माणसं आज भुवया वर करतात त्याचं मूळ या टेफ्लॉनमध्ये आहे, आणि त्यांचं चुकत नाही.

पण सिरॅमिक ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. 2003 च्या अखेरीस मर्सिडीज-बेंझने क्लिअर कोटमध्येच सिरॅमिकचे नॅनोकण मिसळून गाड्या बाजारात आणल्या. यंत्राच्या ब्रशने धुताना पडणारे ओरखडे कमी व्हावेत हा हेतू. दुसरीकडे जपानमध्ये बाहेरून लावायचं 'काचेचं कोटिंग' रुजलं. त्यात वापरली जाणारी पॉलिसिलाझेन रसायनं इलेक्ट्रॉनिक्सच्या चिपवर इन्सुलेशनचा थर द्यायलाही वापरतात. हवेतली आर्द्रता लागली की त्यांचं सिलिकाच्या जाळ्यात रूपांतर होतं आणि हे जाळं क्लिअर कोटला घट्ट धरतं. पुढे कोरिया आणि ब्रिटनमधल्या कंपन्यांनी 30-50 मिलीच्या बाटल्या जगभर नेल्या. मेण वर बसतं आणि शाम्पूने निघतं. हा थर घासून काढल्याशिवाय जात नाही. एवढा फरक खरा आहे, आणि तो छोटा नाही.

आता पैसे नेमके कशाचे? बाटलीचे त्यातले थोडेच. गाडी धुतात, क्ले बार (मऊ मातीसारखी वडी) फिरवून रंगात रुतलेले लोखंडाचे कण आणि डांबर काढतात, मग मशीनने कंपाउंडिंग करून, म्हणजे बारीक घासणाऱ्या पेस्टने क्लिअर कोट किंचित घासून, ओरखडे उतरवतात, अल्कोहोलने तेल पुसतात. त्यानंतर ॲप्लिकेटरवर चार-सहा थेंब घेऊन छोट्या छोट्या भागावर आधी आडवं आणि मग उभं लावतात. थांबायचं. पृष्ठभागावर इंद्रधनुष्यासारखी झाक आली की मायक्रोफायबरने पुसायचं. थोडा उशीर झाला की तिथे काळपट डाग कायमचा बसतो आणि तो पुन्हा मशीनने घासूनच जातो. मग निदान दिवसभर पाणी लागू द्यायचं नाही, आठवडाभर धुवायचं नाही. हे नीट करायला दोन दिवस लागतात. शोरूममध्ये सकाळी गाडी दिली आणि संध्याकाळी 'कोटिंग करून' मिळाली, तर यातलं काय गाळलं याचा अंदाज करावा. आणि कोटिंगनंतर गाडी जी आरशासारखी दिसते, ती मुख्यतः कंपाउंडिंगमुळे. ते वेगळं करून घेतलं तर बरंच स्वस्त पडतं.

खरी फसगत 9H या अक्षरांत आहे. ही पेन्सिलची चाचणी. ठरावीक कोनात पेन्सिल दाबून सरकवायची. सगळ्यांत कडक, 9H पेन्सिलनेही ओरखडा उठला नाही की 9H. ऐकणाऱ्याला मात्र ते हिऱ्याच्या जवळचं वाटतं, कारण शाळेत शिकलेल्या मोहसच्या, म्हणजे खनिजांच्या कडकपणाच्या मापात हिरा 10 असतो. दोन मापांचा एकमेकांशी संबंध नाही. वाळूतला क्वार्ट्झ मोहसच्या मापावर 7 आहे, आणि कोटिंगचा एक-दोन मायक्रॉनचा थर त्याच्यापुढे टिकत नाही. किल्ली, रिक्षाचं हॅंडल, हायवेवर उडालेली खडी यांपुढे तर नाहीच. खडीसाठी पीपीएफ, म्हणजे दीडशे-दोनशे मायक्रॉनची पॉलियुरेथेन फिल्म. तिचा धंदा आणि तिची किंमत दोन्ही वेगळी: सबंध गाडीला लाखाच्या आसपास किंवा वर.

मग सिरॅमिकचा उपयोग कशात? धुण्यात. पाणी अळवाच्या पानावरून घरंगळावं तसं घरंगळतं, धूळ-चिखल कमी धरतो, पक्ष्यांची विष्ठा किंवा झाडाचा चीक क्लिअर कोटपर्यंत पोचायला थोडा वेळ घेतो. थोडाच. मे महिन्यात दुपारभर तसंच राहू दिलं तर कोटिंगलाही डाग पडतो. आणि बोअरवेलचं किंवा टॅंकरचं जड पाणी असेल तर थेंब गोल होऊन जागच्या जागी सुकतात आणि क्षारांची पांढरी वर्तुळं उलट जास्त उठून दिसतात. पुण्याच्या पश्चिमेकडच्या सोसायट्यांत हे रोज बघायला मिळतं.

त्याच सोसायट्यांत दुसरी अडचण आहे: महिन्याच्या पगारावर रोज पहाटे गाड्या पुसणारा माणूस. एक बादली, एक फडकं, वीस गाड्या. पहिल्या गाडीची धूळ विसाव्या गाडीच्या बॉनेटवर गोल गोल फिरते. दोष त्याचा नाही. त्या पैशांत एवढंच होतं. पण 30,000 चं कोटिंग करून गाडी या फडक्याखाली द्यायची तर माझ्या मते ते पैसे न घातलेले बरे. पांढरी किंवा सिल्व्हर गाडी असेल तर ओरखडे दिसतही नाहीत, मग प्रश्नच मिटला. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहणाऱ्यांना गंजाची भीती घालून कोटिंग विकतात, तेही सोडून द्यावं. गंज खालून, वेल्डिंगच्या सांध्यांतून आणि चाकांच्या कमानीतून येतो, जिथे हे कोणी लावत नाही.

उलट काळी किंवा गडद निळी गाडी, सात-आठ वर्षं ठेवायचा विचार, आणि दोन बादल्या नि मायक्रोफायबर घेऊन स्वतः धुणारा मालक असेल, तर चांगल्या डिटेलरकडून (गाड्यांची सफाई-पॉलिश हेच काम करणाऱ्याकडून) करून घेतलेलं कोटिंग पैसे वसूल करतं. मात्र शोरूममधून नको. गाडी घरी आणून दोन-तीन ठिकाणी विचारावं, आणि मशीन फिरवण्याआधी रंगाची जाडी मीटरने मोजतात का ते बघावं. वॉरंटीचं कार्डही वाचावं. 'पाच वर्षं' ठळक असतं. त्याखाली बारीक अक्षरांत दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाला त्यांच्याचकडे पैसे भरून मेंटेनन्स करायची अट असते, आणि एक फेरी चुकली की वॉरंटी रद्द.

गेल्या काही वर्षांपासून त्याच कार्डावर सिरॅमिकच्या जागी 'ग्राफीन' छापून येऊ लागलं आहे. मॅंचेस्टरमध्ये 2004 साली वेगळं केलेलं आणि 2010 चं नोबेल मिळवून देणारं ग्राफीन, म्हणजे एका अणूएवढ्या जाडीचा कार्बनचा थर, खरंच अद्भुत आहे. बाटलीत मात्र बहुतेक वेळा तीच सिलिकाची रसायनं असतात, त्यात ग्राफीन ऑक्साइड किंचित, आणि किंमत पाच-दहा हजारांनी जास्त.