गालेप्पिनी, आउरेलिओ (गालेप)

(२८ ऑगस्ट १९१७ – १० मार्च १९९४). इटालियन चित्रकथाकार, ‘टेक्स’ या वेस्टर्न (जुन्या अमेरिकी पश्चिमेतील साहसकथांच्या) मालिकेचे पहिले चित्रकार. ‘गालेप’ ही त्यांची सही. जन्म तस्कनीतील काझाले दि पारी येथे, सार्डिनियन कुटुंबात. १९४० च्या सुमारास ते मोंदादोरी या प्रकाशनसंस्थेच्या ‘तोपोलिनो’ साप्ताहिकासाठी चित्रकथा काढत होते. युद्धकाळात सार्डिनियात चित्रकला शिकवली. १९४८ मध्ये मिलानला आले.

तेथे लेखक जान लुइजी बोनेल्ली यांच्या दोन मालिका त्यांच्याकडे आल्या. प्रकाशनाची भिस्त मोठ्या आकाराच्या ‘ओक्क्यो कूपो’वर होती, दिवस तिच्यात जाई, ‘टेक्स’ रात्री काढला जाई. ‘ओक्क्यो कूपो’ लवकरच बंद पडली. ‘टेक्स’चा पहिला अंक ३० सप्टेंबर १९४८ रोजी १५ लिरांना निघाला. नायकाचे ठरलेले आडनाव ‘किलर’ होते. प्रकाशिका तेआ बोनेल्ली यांनी ते ‘विलर’ केले. चेहरा अमेरिकन चित्रपट-अभिनेता गॅरी कूपरवरून घेतला असे सर्रास सांगितले जाते. सुरुवातीच्या अंकांना ते लागू पडते. पुढे मात्र जबडा व भुवया खुद्द गालेप यांच्या चेहऱ्याकडे झुकतात, हे मत अधिक पटण्यासारखे आहे.

अंक पट्टीच्या आकाराचा, सुमारे १७ × ८ सेंमी, ३२ पानांचा असे. पानावर एकच पट्टी, तिच्यात बहुधा दोन-तीन चौकटी. उंची अपुरी असल्याने घोडा पूर्ण दाखवला की स्वार खुजा होतो. म्हणून गालेप घोड्याचे पाय चौकटीबाहेर कापत आणि धूळ व मानेच्या झुकावातून वेग दाखवत. उसंत नसल्याने पार्श्वभूमी अनेकदा कोरीच राही. काम वाढल्यावर उग्गेरी, गांबा, मुत्सी यांच्यासारखे चित्रकार हाताशी आले. त्यांच्या चित्रांत टेक्सचे डोके पुष्कळदा गालेपच काढत. अशा चौकटींत मान आणि खांद्याचा कोन जुळत नाही, हीच त्यांची खूण.

पट्टीचे अंक १९६७ पर्यंत चालले. मोठ्या आकाराच्या पुनर्मुद्रणात तीन पट्ट्या एकाखाली एक लावल्या जात, म्हणजे एका अंकाची जेमतेम अकरा पाने होत. दर अंकाच्या शेवटची उत्कंठा त्यामुळे पानाच्या मध्येच येते आणि कथा उगाच अडखळल्यासारखी वाटते. साठच्या दशकातील ‘नैतिक हमी’च्या (मजकूर मुलांसाठी योग्य असल्याची ग्वाही देणाऱ्या) शिक्क्यापायी स्त्रियांचे गळे व पाय झाकण्यात आले, संवाद सौम्य झाले. मूळ रेषा पाहायची तर जुन्या पट्ट्याच पाहाव्यात.

मुख्य मालिकेची १ ते ४०० क्रमांकांची मुखपृष्ठे गालेप यांची आहेत. ४०० वा अंक १९९४ मधला. त्याच वर्षी क्यावारी येथे त्यांचे निधन झाले. ४०१ पासून मुखपृष्ठे क्लाउदिओ विल्ला यांच्याकडे गेली. भारतात ‘टेक्स’ तमिळमध्ये ‘लायन कॉमिक्स’ने आणला.