संक्रांतवेलीला फुलं का आली नाहीत? – छाटणीबद्दल ग्राहकांसाठी माहिती

डिसेंबर संपत आला की रोपवाटिकेत आणि फोनवर एकच प्रश्न सुरू होतो. "वेल हिरवीगार आहे, गेटवरची कमान भरलीय, शेजाऱ्यांची नारिंगी झालीय, आमच्या वेलीला मात्र एक कळी नाही. कोणतं खत घालू?" आम्ही उलट विचारतो की दिवाळीच्या सुमारास छाटली होती का? बहुतेक वेळा उत्तर 'हो' असतं. घराची साफसफाई निघाली, माळ्याला बोलावलं, त्याने बोगनवेल आणि कुंपण कापता कापता संक्रांतवेलही नीटनेटकी करून दिली. त्या वर्षीची फुलं त्याच दिवशी कचऱ्यात गेली. वेलीला रोग नाही, माती वाईट नाही आणि आता कुठलंही खत ती फुलं परत आणू शकत नाही.

संक्रांतवेल मूळची दक्षिण अमेरिकेतली, ब्राझील आणि आसपासच्या भागातली. आपल्याकडे तिचं फुलणं ठरलेलं आहे: पावसाळ्यात वाढायचं, थंडीत फुलायचं. जून ते सप्टेंबर या काळात जे नवे फुटवे लांब सुटतात, त्यांच्या टोकांना नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कळ्यांचे घोस धरतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत ते उमलतात. फुलं फांदीच्या टोकाला येतात, हे नीट लक्षात घ्या. ऑक्टोबरमध्ये वेलीचा आकार सारखा करायचा म्हणून कडेची लांब टोकं कापली, तर नेमकी फुलणारी टोकं जातात आणि न फुलणारा जुना भाग मागे राहतो. कापल्यावर वेल फुटते, पण थंडीत ती वाढ हळू होते आणि फुलण्याइतकी पक्व व्हायच्या आत मोसम निघून जातो. मग पुढच्या संक्रांतीपर्यंत थांबण्याशिवाय इलाज नाही.

जाई, जुई आणि मधुमालतीचं गणित वेगळं आहे. त्या छाटणीनंतरच्या नव्या फुटीवर फुलतात, म्हणून त्यांना जानेवारीत कात्री लावली तर उन्हाळ्या-पावसाळ्यात फायदाच होतो. कुंद मात्र थंडीत फुलतो, त्यामुळे त्याची छाटणीही संक्रांतवेलीसारखी फुलं ओसरल्यावर. सगळ्या वेली एकाच दिवशी कापून घेणं सोयीचं वाटतं, पण त्यात एखादीचा तरी मोसम बुडतोच. माळ्याचा दोष नसतो. त्याला वेलीचं नाव सांगितलेलं नसतं आणि नुसत्या पानांवरून ओळख पटवायला सवय लागते. संक्रांतवेलीची खूण सोपी आहे: एका देठावर दोन किंवा तीन पानं असतात, आणि जिथे दोनच असतात तिथे बहुधा मधल्या तिसऱ्या पानाच्या जागी टोकाशी तीन फाटे असलेला तणावा, म्हणजे आधाराला वेढा घालणारा बारीक तंतू, निघतो.

छाटायची कधी आणि कशी

फुलांचा बहर ओसरला की, म्हणजे फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत. विदर्भ-मराठवाड्यात ऊन लवकर तापतं, तिथे मार्च उजाडायच्या आत उरकून घ्या.

आधी वेल नुसती पाहा. बुंध्यापासून वर गेलेली दोन ते चार जाड, तपकिरी खोडं दिसतील. तो वेलीचा सांगाडा. त्याला हात लावायचा नाही. त्याच्यापासून निघालेल्या ज्या फांद्या फुलून गेल्या आहेत, त्या सांगाड्यापाशी दोन-तीन डोळे (जिथून नवी फूट निघते ती जागा) ठेवून कापा. काप डोळ्याच्या वर साधारण अर्धा सेंटीमीटर, किंचित तिरका. वाळलेल्या आणि आतल्या आत गुंतलेल्या काड्या मुळाशीच काढा. सिकेटरला (छाटणीच्या कात्रीला) धार हवी. बोथट पात्याने फांदी चिरडते आणि तिथून वाळत खाली येते.

चार-पाच वर्षं न छाटलेली वेल असेल तर खालून बोडकी आणि वर गवताच्या गंजीसारखी दिसते. ती एकदम जमिनीपर्यंत उतरवू नका. पहिल्या वर्षी एक तृतीयांश जुनी खोडं काढा, उरलेली पुढच्या दोन वर्षांत.

छाटणीनंतर जमिनीतल्या वेलीला एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड द्या, माती हलवून मिसळा आणि पाणी भरा. कुंडीला याच्या चौथा हिस्सा पुरे.

पावसाळ्यात ज्या बाजूला फांद्या कमी आहेत तिथले शेंडे बोटांनी खुडले तर बाजूने फूट निघते. हे जुलैअखेरपर्यंत चालतं. नारळी पौर्णिमेनंतर मात्र शेंडा खुडणंही बंद.

दिवाळीत अडचण होत असेल तर

रंगकाम निघतं, खिडकी झाकली जाते, पाहुणे येणार असतात, हे आम्हालाही समजतं. तेव्हा कापण्याऐवजी बांधा. आडव्या आलेल्या फांद्या मागे वळवून तारेला सुतळीने किंवा जुन्या सुती कापडाच्या पट्टीने बांधा. गाठ आवळू नका, आठच्या आकड्यासारखा सैल फास द्या. भिंत रंगवायची असेल तर तणावे तारेवरून सोडवून फांद्यांची सैल मोळी करा आणि बाजूच्या खांबाला टेकवा. रंग सुकला की परत पसरा. तणावे तुटले तरी चालतात, शेंडे मोडता कामा नयेत. वाळकी पानं आणि खालच्या मेलेल्या काड्या काढल्या तर काहीच बिघडत नाही.

नोव्हेंबरच्या मध्यावर फांदीचं टोक हातात धरून जवळून बघा. शेवटच्या पानांच्या बेचक्यात बाजरीच्या दाण्याएवढ्या फिकट हिरव्या गाठींचा झुबका दिसू लागला की त्याच कळ्या. एकदा त्या दाखवल्या की घरातलं कुणीही ते टोक कापत नाही, असा आमचा अनुभव आहे.

फुलं न येण्याची इतर कारणं

छाटणी झालेली नसूनही फुलं नसतील तर आधी ऊन तपासा. पाच-सहा तास थेट ऊन लागतं. उत्तरेकडच्या बाल्कनीत ही वेल पानांवरच राहते. त्या जागेसाठी आम्हीच दुसरं काहीतरी सुचवू. दुसरं कारण नत्र. लॉनला टाकलेला युरिया किंवा दर आठवड्याचं 19:19:19 (नत्र, स्फुरद आणि पालाश समान असलेलं खत) वेलीला नुसती पानं काढायला लावतं. ऑगस्टनंतर नत्राचं खत थांबवा. सप्टेंबरमध्ये 00:52:34 हे नत्र नसलेलं, स्फुरद-पालाशचं विद्राव्य खत लिटरला 3 ग्रॅम या प्रमाणात पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारलं तरी पुष्कळ झालं. तिसरं, पाणी. कळ्या धरल्यावर कुंडी एक-दोन दिवस कडक वाळली तर कळ्या गळतात. सतत चिखल राहिला तरी गळतात. बोटाचं एक पेर मातीत घाला, कोरडं लागलं तर पाणी द्या.

कुंडी 16 इंचांपेक्षा लहान नको. जमिनीत लावणार असाल तर दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा, भिंतीपासून फूटभर दूर. मातीत दोन भाग पोयटा, एक भाग शेणखत. आधाराला जाड पाइप नको, तणाव्यांना त्याभोवती वेढा घालता येत नाही. 10 गेजची गॅल्व्हनाइज्ड तार फूट-दीड फुटावर ताणून घ्या. पावसात भिजलेल्या वेलीचं वजन बरंच होतं, म्हणून केबल, पाण्याचे पाइप आणि एसीच्या बाहेरच्या युनिटवर ती चढू देऊ नका.

आमच्या काही पद्धतींबद्दल

सप्टेंबर ते फुलं संपेपर्यंत संक्रांतवेलीच्या छाटणीचं काम आम्ही घेत नाही. काही ग्राहकांना राग येतो, कारण बाकीच्या झाडांसाठी माणूस येतो आणि एवढ्या वेलीपुरता नाही म्हणतो. छाटणीचे पैसे आम्हालाही हवेच असतात, पण जानेवारीत तुमची कमान हिरवीच राहिली तर ते पैसे घेऊन उपयोग काय? याच कारणाने फुलं आली नाहीत म्हणून रोप बदलून देत नाही. रोप मेलं, तर लागवडीपासून दोन महिन्यांत दाखवा, बदलून देतो.

आमची रोपं दीड-दोन फुटांचीच असतात. सहा फुटांची वेल लहान पिशवीत बघायला छान दिसते, पण तिची मुळं आत गोल गोल फिरून घट्ट झालेली असतात आणि जमिनीत गेल्यावर ती वर्षभर रुसते. आमची सगळी रोपं चांगल्या फुलणाऱ्या वेलींच्या छाट कलमांची आहेत. पावसाच्या सुरुवातीला लावलेलं रोप पहिल्या थंडीत थोडी फुलं देतं, दुसऱ्या थंडीत कमान भरते.

इंटरनेटवर जांभळी मोठी फुलं पाहून क्लेमॅटिस मागणारेही वाढले आहेत. ते मोठ्या फुलांचे संकर थंड हवेचे. आपल्या मैदानी उन्हाळ्यात ते तग धरत नाहीत, म्हणून आम्ही ठेवत नाही. त्याच कुळातली आपल्या सह्याद्रीतली मोरवेल मात्र मागणीनुसार करून देतो. फुलं लहान आणि पांढरी, पण फुलांनंतर बियांना येणाऱ्या पिसासारख्या शेपट्या फार देखण्या दिसतात. तिचा चीक त्वचेला झोंबतो, छाटताना हातमोजे घाला.

फेब्रुवारीच्या छाटणीची नोंदणी जानेवारीपासून सुरू होते. वेल फुललेली असतानाच एक फोटो पाठवून ठेवा, म्हणजे कोणत्या फांद्या काढायच्या ते आधीच ठरवता येतं आणि येणारा माणूस तासाभरात काम उरकून जातो.