छोट्या गावाला शहराचा डेसिबल पुरत नाही

छोट्या गावाने गोंगाटाविरुद्ध नियम करायला घेतला की सर्वांत सोपी वाट म्हणजे मोठ्या शहराचा नियम उचलायचा, नाव बदलायचे आणि ठराव मंजूर करायचा. त्यात एक आकडा असतो: रात्री अमुक डेसिबलच्या वर आवाज नको. पुढे तक्रार येते, कोणीतरी ध्वनिमापक घेऊन जातो, आकडा मर्यादेत भरतो आणि तक्रार निकाली निघते. तक्रार करणारा मात्र रात्रभर जागाच राहतो. तो खोटे बोलत नसतो आणि मापकही बिघडलेला नसतो. त्या एका आकड्याने जे सांगावे अशी आपली अपेक्षा असते, ते त्याला सांगताच येत नाही.

डेसिबल हे मीटर किंवा किलोसारखे माप नाही. ते गुणोत्तर सांगते. 10 डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट झाली आणि 20 वाढले म्हणजे शंभरपट. कानाला मात्र 10 डेसिबलची वाढ साधारण दुप्पट वाटते. एका यंत्राशेजारी तसेच दुसरे यंत्र सुरू केले तर आकडा फक्त 3 ने वाढतो. म्हणून ‘मर्यादेपेक्षा जेमतेम 3 डेसिबल जास्त’ हे वाक्य वाटते तितके निरुपद्रवी नाही.

आता शहर आणि गाव यांतला खरा फरक पाहू. शहरात मध्यरात्रीही रहदारीची सलग घरघर चालू असते आणि घराबाहेरची पातळी सहज 45 डेसिबलच्या आसपास राहते. छोट्या गावात तीच पातळी 30 पर्यंत उतरते. खिडकीशी 45 डेसिबलने पोहोचणारा पंपाचा आवाज शहरात त्या घरघरीत विरून जातो. गावात तो पार्श्वभूमीपेक्षा 15 डेसिबलने उंच उभा राहतो आणि पंप सुरू झाला कधी, थांबला कधी, हे अंथरुणात पडल्या पडल्या कळते. पंपाच्या आवाजाचा आकडा मात्र दोन्हीकडे एकच.

काही देशांनी हे ओळखून नियमातच फरकाचे माप घेतले. फ्रान्समध्ये शेजारच्या आवाजाने पार्श्वभूमीत किती भर घातली ते मोजतात. दिवसा 5 डेसिबल आणि रात्री 10 ते सकाळी 7 या वेळेत 3 डेसिबल ही मूळ मर्यादा आहे. आवाज थोडाच वेळ असेल तर थोडी सवलत मिळते. ब्रिटनमध्ये औद्योगिक आवाजासाठी वापरले जाणारे मानकही पार्श्वभूमीशीच तुलना करते आणि साधारण 10 डेसिबलचा फरक हे गंभीर त्रासाचे लक्षण मानते. आवाजात शिट्टीसारखा एकच सूर टोचत असेल किंवा ठोके पडत असतील, तर मोजलेल्या आकड्यात दंडादाखल भर घातली जाते. छोट्या गावासाठी मला हीच पद्धत न्याय्य वाटते, कारण गावाची शांतता त्यात हिशेबात धरली जाते.

रात्रीची हवाही गावाविरुद्ध काम करते. दिवसा जमीन तापलेली असते, खालची हवा गरम आणि वरची गार असते. गरम हवेत ध्वनी वेगाने धावतो, त्यामुळे त्याची वाट वर वळते आणि दूरच्या माणसाच्या डोक्यावरून निघून जाते. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री हे उलटते. जमीन निवते, तिला टेकलेली हवा गार होते आणि वरची तिच्यापेक्षा उबदार राहते. मग ध्वनी खाली वळतो. दिवसा कधी ऐकू न येणारी दूरची आगगाडी रात्री उशाशी आल्यासारखी वाटते ती यामुळे. दुपारी घेतलेल्या मोजणीवरून रात्रीच्या तक्रारीचा निकाल देणे म्हणूनच चुकीचे आहे.

सर्वांत जास्त भांडणे होतात ती खर्जाच्या आवाजावरून, म्हणजे भिंतीपलीकडच्या संगीताचा ‘धूम धूम’ ठेका किंवा यंत्राची गुणगुण. 1933 मध्ये हार्वी फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी दाखवून दिले की हळू आवाजात आपला कान खालच्या स्वरांना बराच बधिर असतो. त्या अभ्यासाच्या आधाराने ध्वनिमापकात एक गाळणी आली, तिला ‘ए’ भारांकन म्हणतात. बहुतेक नियमांतले आकडे याच गाळणीतून येतात. ती 63 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 63 कंपनांच्या खर्जातल्या आवाजातून सुमारे 26 डेसिबल आणि 50 हर्ट्झच्या आवाजातून सुमारे 30 डेसिबल वजा करते.

भिंत नेमके याच्या उलट करते. वारंवारता निम्मी झाली की साधी भिंत जवळपास 6 डेसिबल कमी अडवते. 50 हर्ट्झची तरंगलांबी जवळपास 7 मीटर असल्याने कुंपण ओलांडून वळायलाही तिला कष्ट पडत नाहीत. गाण्याचे शब्द आणि वरचे सूर भिंतीत अडकतात, खर्ज तेवढा आत येतो. शयनगृहात उरतो तो फक्त ठेका, आणि त्याचाच मोठा भाग मापकाची गाळणी वजा करून टाकते. यावर उपाय आहे. बऱ्याच मापकांत ‘सी’ नावाची दुसरी गाळणी असते, ती खर्जाला फारशी कात्री लावत नाही. दोन्ही आकडे घेऊन त्यांतले अंतर पाहिले, ते 15-20 डेसिबलच्या पुढे गेले, की तक्रारीच्या मुळाशी खर्ज आहे असा संशय घ्यायला जागा मिळते. नियमात हे एक वाक्य असेल तर कितीतरी तक्रारी खोट्या ठरण्यापासून वाचतील.

सरासरीही फसवते. तासाभरात एकच मिनिट 90 डेसिबलचा कल्लोळ झाला आणि उरलेली 59 मिनिटे शांततेत गेली, तर तासाची सरासरी 72 येते. पण झोप मोडायला ते एक मिनिट पुरते.

झोपेत कान बंद होत नाहीत. जाग आली नाही तरी अचानक आलेल्या आवाजाने नाडी वाढते, ताणाची संप्रेरके वाढतात आणि गाढ झोप उथळ होते. जर्मनीतील माइन्झ येथील संशोधकांनी 2013 मध्ये 75 निरोगी स्वयंसेवकांना रात्री विमानांचे ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले. सकाळी त्यांच्या रक्तवाहिन्यांची प्रसरण पावण्याची क्षमता कमी झालेली आढळली. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये युरोपसाठी रात्रीची सरासरी घराबाहेर 40 डेसिबल असावी अशी शिफारस केली. ‘सवय होईल’ असे सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. मनाला बरीच सवय होते, हृदयाला तितकी होत नाही.

मोठ्या पातळीवरची यंत्रणा छोट्या गावापर्यंत सहसा पोहोचत नाही. युरोपीय संघाचा 2002 चा निर्देश ध्वनिनकाशे सक्तीचे करतो, पण ते 1 लाखाहून जास्त लोकवस्तीच्या नागरी क्षेत्रांसाठी आणि मोठे रस्ते, रेल्वेमार्ग व विमानतळांसाठी. अमेरिकेने 1972 मध्ये ध्वनिनियंत्रणाचा कायदा केला, मात्र 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला केंद्रीय कार्यालयाचा निधी बंद झाला आणि काम स्थानिक संस्थांवर आले. तिथल्या अनेक गावांनी मापक बाजूलाच ठेवला आणि ठरावीक अंतरावर आवाज स्पष्ट ऐकू आला तर तो नियमभंग, असे ठरवले. वाटते तितके हे अशास्त्रीय नाही. माणसाचा कान पार्श्वभूमीशी तुलना आपोआप करतो आणि खर्जाचा ठेकाही पकडतो. धोका आहे तो ऐकणाऱ्याच्या मर्जीचा. म्हणून अंतर, वेळ आणि किती मिनिटे ऐकायचे हे लिहून ठेवावे लागते.

नियम करताना सहसा विसरला जाणारा एक प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. 1970 च्या सुमारास डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना अनपेक्षित क्षणी मोठे आवाज ऐकवले. काहींना एक बटण दिले आणि सांगितले की हवे तर आवाज बंद करा, पण शक्यतो करू नका. बहुतेकांनी बटण दाबलेच नाही, म्हणजे सर्वांनी सारखाच आवाज सोसला. तरीही नंतरच्या कामांत बटणवाल्यांनी कमी चुका केल्या आणि कठीण कोडी सोडवण्याचा प्रयत्न जास्त चिकाटीने केला. आवाज आपल्या हाताबाहेरचा नाही, एवढी जाणीव पुरेशी ठरली.

छोट्या गावात हे बटण देणे शहरापेक्षा सोपे आहे. खोदकाम, कार्यक्रम किंवा जनित्राची चाचणी असेल तर आदल्या दिवशी आसपासच्या घरांना सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ कळवणे नियमातच सक्तीचे करावे. रात्री फोन उचलणारा आणि आवाज खरोखर थांबवण्याचा अधिकार असलेला एक माणूस नेमावा, आणि त्याचा नंबर त्याच सूचनेवर छापावा.