कडकनाथ

मध्य प्रदेशातील झाबुआ व अलीराजपूर या डोंगराळ भागात भिल्ल आणि भिलाला समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली देशी कोंबडी. मांस आणि अंडी अशा दोन्हींसाठी ती पाळतात. तिकडे तिला ‘कालामासी’ म्हणतात. तिच्या मांसाला 2018 मध्ये झाबुआच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले.

पिसाऱ्यावरून तिचे तीन प्रकार मानतात : गर्द काळा, काळ्यावर पांढऱ्या रेघांचा (पेन्सिल्ड) आणि सोनेरी झाक असलेला. पिसे कशीही असली तरी कातडी, तुरा, जीभ, पाय, मांस आणि हाडांवरचे आवरणही काळे किंवा काळपट असते. रक्त मात्र लालच असते आणि अंडे फिकट तपकिरी किंवा मळकट पांढरे. ‘काळी अंडी’ म्हणून कोणी काही विकत असेल, तर ते कडकनाथचे नव्हे.

हा काळेपणा मेलॅनिन या रंगद्रव्याचा. विसाव्या गुणसूत्रावरील एका भागाची पुनरावृत्ती झाल्याने रंगपेशी गर्भावस्थेत प्रमाणाबाहेर वाढतात आणि एरवी जिथे जात नाहीत तिथेही पसरतात. चीनची सिल्की व इंडोनेशियाची अयाम चेमानी यांच्यातही हाच बदल आढळतो. हा गुण प्रभावी असल्यामुळे कडकनाथ नर आणि गावरान कोंबडी यांच्या संकरातली पिल्लेही बरीच काळी निघतात, त्यातही तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण माद्या) अधिक. म्हणजे नुसत्या काळ्या कातडीवरून जात शुद्ध ठरत नाही. पिल्ले घेताना आईबापांचा कळप पाहावा आणि पैदाशीची नोंद मागावी. बाजारात नेमके हेच होत नाही.

वाढ संथ असते. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास जातो, तर कडकनाथला किलोभर व्हायला साधारण पाच महिने लागतात. पूर्ण वाढलेला नर दीड ते दोन किलोचा, मादी त्याहून हलकी. तलंग सहाव्या महिन्याच्या सुमारास अंड्यावर येते आणि वर्षाला 80 ते 100 अंडी देते, अंडेही लहानच. आकडे असे असल्याने पूर्ण वेळ कोंडून, विकतच्या खाद्यावर हा पक्षी पोसला तर त्याचा खर्च क्वचितच निघतो. त्याची खरी लायकी मोकळ्यावर दिसते : किडे, वाळवी, कोवळा पाला आणि सांडलेले धान्य टिपत तो बरेचसे पोट स्वतःच भरतो, उन्हातान्हात तग धरतो. मुक्कामाला बंद खुराडे मात्र हवेच. रात्री मुंगूस आणि रानमांजर टपलेले असतात.

कडकनाथ मादी खुडूक (अंडी उबवायला) क्वचितच बसते, म्हणून अंडी गावरान खुडूक कोंबडीखाली किंवा यंत्रात 21 दिवस उबवतात. आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरतो. पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे 35 अंश सेल्सिअस ऊब लागते, पुढे दर आठवड्याला ती थोडी कमी करत नेतात. पिल्ले दिव्याखाली दाटीने एकमेकांवर चढली तर ऊब कमी आहे, कडेला पांगून चोची उघडून धापा टाकू लागली तर जास्त. तापमापक नंतर पाहिला तरी चालतो. काटकपणावर विसंबून लसीकरण टाळणे महागात पडते. मानमोडी (राणीखेत) आली की देशी कोंबडी म्हणून ती सोडत नाही; कोंबड्यांच्या देवी रोगाचीही लस टोचून घ्यावी.

मांस घट्ट, कमी चरबीचे आणि दाट चवीचे. ते मंद आचेवर बराच वेळ शिजवावे लागते. चरबी कमी असण्यात जातीइतकाच वाटा पक्ष्याच्या वयाचा व हिंडण्याफिरण्याचा असतो. मधुमेहापासून हृदयरोगापर्यंत सगळ्यांवर हे मांस औषध असल्याचे दावे मात्र जाहिरातीतलेच समजावेत.

अशाच दाव्यांच्या जोरावर महाराष्ट्रात ‘पिल्ले घ्या, अंडी आम्ही चढ्या भावाने परत घेऊ’ अशा योजना निघाल्या. 2019 मध्ये त्यांतली एक मोठी योजना कोसळली आणि सांगली-कोल्हापूर भागातले अनेक शेतकरी अडचणीत आले. परतखरेदी थांबल्यावर पक्षी उरले, पण गिऱ्हाईक नव्हते. झाबुआच्या पाड्यांवर परसातल्या चार-सहा कोंबड्या अंडी-मांस देतात आणि अडीनडीला विकताही येतात. तिथे हा हिशेब कधी मोठ्या शेडवर बेतलेलाच नव्हता.