पायलटची 'तीन तासांची नोकरी'

होटगी रोडच्या टपरीवर चहा पिताना डोक्यावरून विमान गेलं की कुणीतरी म्हणतंच, "वर्षाला हजार तास, म्हणजे दिवसाला जेमतेम तीन तास काम. तेही ऑटोपायलट करतो. पगार मात्र लाखात!"

हे साफ चूक आहे. १००० तास ही फक्त उड्डाणाची कमाल मर्यादा, ड्युटीची नव्हे. हवामान पाहणं, इंधनाचा हिशेब, दोन फेऱ्यांमधलं ताटकळणं त्यात धरतच नाहीत. ऑटोपायलट सांगितलं तेवढंच करतो; टेकऑफ सहसा हातानंच होतो. पगारातून अनेकांचं आधी प्रशिक्षणाचं कर्ज फिटतं.

खरी काळजी थकव्याची. पहाटेच्या फ्लाइटसाठी रात्री दोनला उठलेल्या माणसाची नजर आकड्यांवर अडखळते. म्हणून तर डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२४ च्या नियमांत साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेली.